नानाजीची पकड

आमच्या मेडशीत कोणी सुतार आहे, कोणी गवंडी, कोणी न्हावी. नानाजी होता धरणारा. आता हा काही धंदा नव्हे, आणि याचे पैसेही त्यानं कधी कोणाकडून घेतले नाहीत. पण गावात काही जिवंत, धडपडणारं असलं आणि त्याला जागच्या जागी ठेवायचं असलं, की माणसं नानाजीच्या दारात उभी राहायची. गोऱ्ह्याला खच्ची करायचंय, चला. बैलाला नाल ठोकायचेत, चला. पोरीला कुत्रं चावलं आणि ती नर्सबाईला जवळ येऊ देत नाही, चला. नानाजी हातातला घास ताटात ठेवून उठायचा.

आम्ही दोघं एकाच वर्गात, एकाच वर्षी नापास झालेलो. त्यानं पुढं बापाची शेती धरली आणि मी स्टिअरिंग. मेडशी ते वाशीम माझी गाडी चालते आणि माझं तोंडही चालतं, असं प्रवासी म्हणतात. म्हणोत. नानाजीबद्दल मी जे सांगतो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकच गोष्ट पाहिली नव्हती, ती तिथं आली की सांगीन.

एकदा नाल ठोकताना बैलानं पाय झाडला. नानाजीची बरगडी मोडली, तो आवाज मला अंगणाच्या या टोकाला ऐकू आला. नानाजीनं पाय सोडला नाही. चारही पायांचे नाल बसले, बैल उठला, मग नानाजी आडवा झाला. अकोल्याला नेताना मी त्याला शिव्या घालत होतो.

"अबे, सोडून द्याचा होता ना! तुया बापाचा बैल होता काय?"

"धरलं का मले ऐकू येत नाही, हरीओम," तो कण्हत म्हणाला. "बैल हंबरला काय अन् लेकरू बोंबललं काय. मह्ये कानच बंद होतात. अन् अर्धवट धरलं ना, तं दोघायलेई लागते."

त्याला हे फार शहाणपणाचं वाटायचं. मलाही वाटायचं.

लेकरांना धरायची त्याची रीत ठरलेली होती. मांडी घालून बसायचा, लेकरू पुढ्यात घ्यायचा, त्याचे दोन्ही पाय आपल्या मांडीखाली दाबायचा. एका हातानं दोन्ही हात छातीशी आवळायचे आणि दुसरा पंजा कपाळावर ठेवून डोकं आपल्या छातीवर दाबून धरायचं. मग लेकराला फक्त डोळे फिरवता येत. वर तो सारखा म्हणायचा, "हलू नको, झालंच आता. हलू नको, झालंच आता."

आणि समोर बहुतेक वेळा चंपाबाई असायची. चंपाबाई दाताचे किडे काढते. निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकून त्यांचा धूर नळीनं तोंडात सोडते, आणि मग पाण्याच्या वाटीत पांढरे पांढरे किडे दाखवते. ते किडे असतात का बियांची टरफलं, यावर आमच्या पारावर भांडणं होऊन डोकी फुटलेली आहेत. धुरानं भागलं नाही, तर तिच्याकडं लोखंडी चिमटा आहे. चंपाबाई वाईट नाही. तिच्या सासूनं तिला जे शिकवलं ते ती करते, आणि तिच्याच हातचे दात काढून घेतलेले लोक आज माझ्या गाडीत ऊस खात बसतात.

बुद्धविहाराकडच्या शेषरावची पोरगी धम्मदीपा, तिचा लहानपणी असाच एक दात काढला. धरायला अर्थात नानाजी. दात मुळासकट निघाला. ती पोरगी पुढं शिकत शिकत दातांची डॉक्टर झाली, त्यातही लहान लेकरांच्या दातांची, आणि वाशीमला तिनं दवाखाना टाकला. तेव्हापासून नानाजी पारावर छाती काढून सांगायचा, "लेकरायच्या दाताची डॉक्टर झाली म्हंता, पन तिले पयले धरलं कोनं? म्या!" आम्ही हसायचो. शेषराव हसायचा नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

नानाजीची बायको प्रयागबाई वारली तेव्हा घरात मुलगा विकास, सून ज्योत्स्ना आणि त्यांची तान्ही संस्कृती राहिली. प्रयागबाईची सगळी कामं ज्योत्स्नाकडं गेली, एक सोडून. घरातलं कोणी परीक्षेला, दवाखान्यात, कोर्टात निघालं की त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, ते वडीलधाऱ्याचं काम म्हणून नानाजीकडं आलं. ते तो फार मनापासून करायचा. मी वाशीमला गाडीच्या पासिंगला निघालो, तरी वाटी घेऊन यायचा.

आणि नात म्हणजे त्याचा जीव. शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, "आबा, धर!" आणि दप्तर फेकायची. मग, "आबा, धर!" आणि चप्पल. मग स्वतःला फेकायची. त्यानं तिला कधी खाली पडू दिलं नाही.

संस्कृती पहिलीत होती तेव्हा तिची खालची दाढ दुखायला लागली. विकास शेतात फवारणीत अडकलेला. ज्योत्स्ना सासऱ्याला म्हणाली, "सोमवारी वाशीमले नेऊ, मामाजी. धम्मदीपाताईकडं."

"दुधाच्या दाताले कायले वाशीम?" नानाजी म्हणाला. "पडनाराच आहे तो. चंपाबाई दोन मिंटात काढते."

मी चंपाबाईच्या ओट्यावर बसलो होतो, माझ्या बायकोच्या पाठीचं तेल घ्यायला आलेलो. संस्कृती आजोबाच्या खांद्यावर बसून आली, मागून ज्योत्स्ना पाण्याचा तांब्या घेऊन. धूर घेईपर्यंत सगळं ठीक होतं. खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, पण आबा मागं होता. चंपाबाईनं वाटीत किडे दाखवले. मग तिनं फडक्यातून चिमटा काढला आणि नानाजीनं पकड घेतली.

पोरगी आधी ओरडली नाही. मान वळत नव्हती, म्हणून फक्त डोळे वर करून त्याच्याकडं पाहत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आबा, सोड."

"हलू नको. झालंच आता."

"आबा, सोड ना."

चिमटा आत गेला. चंपाबाईनं एकदा पिळला, दुसऱ्यांदा पिळला. पोरीच्या घशातून जो आवाज निघाला तो मी डुक्कर कापताना ऐकला आहे, माणसाच्या नाही. तिसऱ्या वेळी कट्कन वाजलं. चिमट्यात अर्धाच दात आला होता. रक्त हनुवटीवरून नानाजीच्या पांढऱ्या बाहीवर उतरलं. चंपाबाई म्हणाली, "मूळ राह्यलं आत, धरून ठेव," आणि पुन्हा आत घुसली. ज्योत्स्ना किंचाळत धावली आणि तिनं चंपाबाईच्या मनगटावर हातातला तांब्या हाणला. चिमटा खाली पडला. त्या क्षणी नानाजीचा कपाळावरचा हात थोडा घसरला, आणि पोरीनं त्याचं बोट दातांत पकडलं.

हाडापर्यंत चावली. त्याच्या रक्तात तिचं रक्त. आम्हा तिघांना तिचा जबडा उघडावा लागला. नानाजी मात्र अजूनही म्हणत होता, "झालंच आता, झालंच आता." त्याला खरंच काही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर पोरगी त्याच्याकडं फिरकली नाही. दप्तर दारात टाकायची आणि त्याच्या खाटेपासून लांबून, भिंतीला घासत आत जायची. तो ओट्यावर बोटाला चिंधी बांधून बसलेला असायचा. "आबा धर म्हन ना," एकदा म्हणाला. तिनं ऐकलंच नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. त्याच्याइतका केविलवाणा माणूस मी पाहिला नाही, आणि खरं सांगतो, मला त्याची दया येत नव्हती. मला राग येत होता.

मग गाल सुजला. सूज गालावरून जबड्याच्या खाली उतरली, ताप चढला, तोंड उघडेना. विकासनं तिला माझ्या गाडीत घातलं. नानाजी न विचारता मागच्या सीटवर येऊन बसला. "तुमी कायले?" विकास म्हणाला. "अजून एक दात तोडाचा आहे काय?" नानाजी उतरला नाही.

धम्मदीपाच्या दवाखान्यात मला वाटलं होतं, मशिनींचा कारखाना असेल. मशिनी होत्या, पण डॉक्टरीन आधी जमिनीवर बसली. संस्कृती तिला जवळ येऊ देईना, हात उगारून होती. डॉक्टरीन म्हणाली, "तू हात वर केला का मी थांबीन. पाहून घे." पोरीनं हात वर केला. ती थांबली. पुढं सरकली, पुन्हा हात वर, पुन्हा थांबली. बाहेर पेशंट खोळंबले होते, मीही खोळंबलो होतो, माझं डोकं तापत होतं. एवढ्या वेळात चंपाबाईनं बत्तीशी काढली असती. पण पोरीनं शेवटी आपल्या हातानं तो छातीवरचा जड एप्रन घातला, गळ्याला पट्टा बांधून घेतला, आणि एक्स-रेची बोटाएवढी पट्टी, जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यातून, आत घेऊ दिली. फोटो लगेच समोरच्या पडद्यावर आला.

नानाजी दारातून पाहत होता. डॉक्टरीननं विकासला दाखवलं. हे तुटलेलं मूळ. ही काळी सावली म्हणजे पू, तो हाडातून खाली उतरतोय. आणि मुळाच्या खाली, हाडात झाकलेला, अजून न उगवलेला एक अख्खा पांढरा दात.

"हा तिचा पक्का दात," ती म्हणाली. "चिमटा थोडा अजून आत गेला असता तर हाही गेला असता. सूज गळ्याकडं उतरून राह्यली. मूळ उद्याच काढायचं. तोंड उघडत नाही, नुसत्या सुईनं हा भाग बधिर होणार नाही, आणि लेकरू एवढं भ्यालेलं. मोठ्या दवाखान्यात, भूलतज्ज्ञ असतील तिथं, पूर्ण भूल देऊन काढू. आज औषध चालू करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर उद्याची वाट पाहायची नाही, तसंच घेऊन यायचं. आणि पहाटेपासून पोटात काही नको. दुधाचा घोटसुद्धा नको."

मग ती दाराकडं वळली. "काकाजी, ओळखलं का?"

"काहून नाई ओळखनार," नानाजी म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "तुले म्या धरलं होतं. कसा मुळासकट निंगाला होता तुया दात!"

"तुमी बाहेर बसा, काकाजी. मह्या दवाखान्यात लेकरायले कोणी धरत नाही."

"अवं, पन तुया तं चांगला निंगाला होता..."

"अजूनही कोणी कपाळावर हात ठेवला का मले ओकारी येते," ती शांतपणे म्हणाली. "मह्या नवऱ्यानं ताप पाहाले ठेवला तरी. म्या सोड म्हटलं होतं तुमाले, काकाजी. लई वेळा म्हटलं होतं."

"मले ऐकू नाई आलं, पोरी," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि म्हणून ते जास्त वाईट होतं.

आता ती गोष्ट, जी मी पाहिली नाही, नानाजीनं मागाहून सांगितली. सकाळी मी गाडीच्या काचा पुसत होतो. विकास कागदपत्रं शोधत होता, ज्योत्स्ना न्हाणीत होती. संस्कृती दाराशी उभी होती. नानाजी ओट्यावर होता आणि सवयीनं त्याच्याजवळ दह्याची वाटी होती. ती भिंतीला घासत जायची सोडून सरळ त्याच्यासमोर आली आणि तिनं तळहात पुढं केला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

पोटात काही नको, हे नानाजीला माहीत होतं. त्यानं तिला भाकरी दिली असती का? कधीच नाही. दूध दिलं असतं का? नाही. पण दही-साखर हे आमच्याकडं खाणं नाही. तो शकुन आहे. शकुनाला कोणी खाण्यात धरतं का? त्यानं तिच्या हातावर दही ठेवलं. तिनं चाटलं आणि पुन्हा हात पुढं केला. दुखण्यामुळं तिच्या पोटात धड काही गेलेलं नव्हतं, आणि दही चावावं लागत नाही. तिनं पुन्हा हात पुढं केला. वाटी रिकामी झाली. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं. "कोनाले सांगू नको, आबा." त्यानंही ओठांवर बोट ठेवलं, तेच चिंधी बांधलेलं.

वाटेवरच्या मालेगावपर्यंत तो गाडीत गुणगुणत होता. विकासनं त्याच्याकडं रागानं पाहिलं, मीही आरशातून पाहिलं. म्हटलं, याचं डोकं फिरलं.

मोठ्या दवाखान्यात संस्कृतीला हिरवा झगा घातला, बोटाला तांबडा उजेड पडणारा चिमटा लावला. तो तिला आवडला. "मह्यं बोट पेटलं," म्हणाली. शेजारच्या मशीनवर तिच्या श्वासाचे आकडे दिसत होते आणि टिकटिक वाजत होतं. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यालं?"

"पान्याचा थेंब नाई, मॅडम," विकास म्हणाला.

"नक्की? पोट भरलेलं असलं आणि भुलीत उलटी झाली, तर ते छातीत उतरतं. लेकरू खोकू शकत नाही तेव्हा. ही मशीन मला लगेच सांगेल, पण उतरलेलं ती परत काढू शकत नाही. जीव जातो."

"नक्की," ज्योत्स्ना म्हणाली.

मी नानाजीकडं पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. संस्कृती खाटेवरून त्याच्याकडंच पाहत होती, आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

वॉर्डबॉयनं खाट ढकलली. खाट दोन हात सरकली आणि थांबली. त्यानं पुन्हा जोर लावला. हलेना. विकासनं मागून हात लावला. हलेना. नानाजीनं पायाकडची दांडी धरली होती.

"बाबा, सोडा!"

"नाई."

"सोडा म्हन्तो ना! काय तमाशा लावला?"

"तिनं खाल्लं," नानाजी म्हणाला. "म्या देल्लं. दही. वाटीभर. नेऊ नका तिले."

मग विकासनं बापाच्या तोंडात मारली.

थप्पड नव्हती, बुक्की होती. टोपी उडाली. दुसरी बसली, ओठ फुटला, रक्त खाटेच्या चादरीवर उडालं. "पयले दात तोडला! आता जीव घेता काय तिचा? मारून टाका ना एकदाच!" तिसरी, चौथी. वॉर्डबॉय मागं सरकला, ज्योत्स्ना भिंतीला टेकली. ज्या हातांनी बैल पाडले त्यांपैकी एका हातानं नानाजीला पोराचं मनगट मोडता आलं असतं. त्यानं हात उचललेच नाहीत. ते दांडीवर तसेच होते. तो मार खात होता आणि खाट सोडत नव्हता.

मी मधे पडलो आणि विकासच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो बाकावर जाऊन बसला. गाडीत बापावर हात टाकला असता तर मी त्याला चालत्या गाडीतून उतरवलं असतं. त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

"दांडी सोडा, बाबा," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "आता नेत नाही आम्ही. दुपारनंतर करू, पोट रिकामं झालं की. तोवर सलाईनमधून औषध देऊ आणि श्वासावर लक्ष ठेवू. बरं झालं बोललात."

त्यानं बोटं एकेक करून उघडली.

पण आता नवं संकट उभं राहिलं. संस्कृती खाटेवर उभी राहून किंचाळत होती. "तू सांगितलं! तू सांगितलं!" बोटाचा चिमटा तिनं भिंतीवर फेकला. सलाईनची सुई घेऊन सिस्टर आली तर तिनं ट्रे लाथेनं उडवला. गळ्याखालची सूज लाल झालेली, श्वास फासफूस करतोय, आणि औषध तर आत गेलंच पाहिजे. सिस्टर घाबरून ओरडली, "अहो, धरा ना कोणीतरी तिला!"

ज्योत्स्नानं, वॉर्डबॉयनं आणि मीही नानाजीकडं पाहिलं. सवय वाईट असते.

नानाजीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

तेवढ्यात धम्मदीपा आली. तिनं चादरीवरचं रक्त पाहिलं, नानाजीचं तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. "कोणी धरायचं नाही," म्हणाली. "हातावर बधिर करायचा मलम लावू. पण आधी तिला कोणावर तरी दाखवावं लागेल."

"मह्यावर दाखवा," नानाजी म्हणाला, आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवा झाला.

डॉक्टरीननं संस्कृतीकडं पाहिलं. "आबाले सुई टोचू?"

"टोचा," पोरगी म्हणाली. "मोठी टोचा."

"तू धरशील त्याले?"

ती खाटेवरून उतरली. नानाजीच्या खाटेवर चढली आणि त्याच्या छातीवर बसली. एक गुडघा त्याच्या एका हातावर, दुसरा दुसऱ्या हातावर. एवढीशी पोरगी, पण तिला सगळं पाठ होतं. पंजा त्याच्या कपाळावर ठेवून तिनं सगळं वजन टाकलं. दुसरा हात त्याच्या फुटलेल्या ओठांवर दाबला, त्यानं नाकही दबलं.

"हलू नको," ती दातओठ खात म्हणाली. "झालंच आता. बोंबलू नको. झालंच आता."

सिस्टर बिनसुईची सिरिंज घेऊन पुढं आली. नानाजीला ती दिसली नसावी, कारण त्याची मान वळत नव्हती. तो फक्त डोळे फिरवत होता. एका झटक्यात तिला उडवता आलं असतं. त्याची छाती वरखाली व्हायला लागली, पाय चादरीवर घासले. ओठांतून रक्त तिच्या बोटांवर आलं. ती अजून दाबत होती, आणि तिचे डोळे मला बघवले नाहीत. मी पुढं झालो, तर धम्मदीपानं मला अडवलं.

तिच्या पंज्याखालून नानाजी म्हणाला, "सोड."

पोरीनं सोडलं.

लगेच. शब्द पुरा व्हायच्या आत. दोन्ही हात तिनं वर उचलले, विस्तवाला लागल्यासारखे, आणि त्याच्या छातीवरून मागं सरकली. तिनं आपल्या बोटांवरचं रक्त पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "लागलं काय, आबा?"

नानाजी तिथंच पडून रडायला लागला. आवाज नाही, नुसतं पाणी कानांत ओघळत होतं. बरगडी मोडली तेव्हा तो रडला नव्हता. बायको गेली तेव्हाही इतका रडला नव्हता.

संस्कृती आपल्या खाटेवर परत गेली. मलम लावून घेतला. मग हात पुढं केला आणि सगळ्यांना बजावलं, "म्या हात वर केला का थांबाचं." सुई जवळ आली, तिनं दुसरा हात वर केला. सिस्टर थांबली. पुन्हा वर केला, पुन्हा थांबली. मग नाही केला. सलाईन चालू झालं.

दुपारी तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. विकास एका टोकाला, नानाजी दुसऱ्या, मधे मी. बऱ्याच वेळानं विकास उठला, चहा घेऊन आला आणि बापापुढं धरला. नानाजीला ओठांनी पिता येत नव्हता, तरी त्यानं कप हातात धरून ठेवला, गार होईपर्यंत. धम्मदीपा बाहेर आली तेव्हा तिनं आम्हा तिघांना सांगितलं, पण पाहिलं नानाजीकडं. मूळ निघालं. पू काढला. खालचा दात शाबूत आहे.

पोरगी आता बरी आहे. अजून "आबा, धर" म्हणत नाही. दप्तर मात्र त्याच्या खाटेवर ठेवते, भिंतीशी नाही.

गेल्या महिन्यात गोमतीबाई नातवाचे कान टोचायचे म्हणून नानाजीला बोलवायला आली. मी तिथंच बसलो होतो. पोरगं तिच्या पदरामागं लपलेलं. नानाजी उठला नाही.

"बैल असन तं येतो," तो म्हणाला. "लेकराले धराले येत नाई मी आता."

"काहून बाप्पा? हाताले काई झालं काय?"

नानाजीनं पदरामागच्या पोराकडं पाहिलं.

"हाताले नाई," तो म्हणाला. "आता मले ऐकू येते."